टोयोटाची वाढ आणि कामगाराच्या हातातील दोरी



या व्यासपीठावर बोलण्याचे आमंत्रण आले तेव्हा मी प्रथम संकोचलो. येथे प्राध्यापक बोलतात, ग्रंथकार बोलतात. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतील लाकडी कपाटाच्या कृपेने, रातपाळीहून आल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये. मला सवय गेटसभेची. मध्येच आवाज चढला तर तेवढे सांभाळून घ्यावे.

विषय वाचून कित्येकांना नवल वाटले असेल. ज्याने तीस वर्षे कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून मालकांविरुद्ध भाषणे केली, तो एका मोटार कंपनीच्या वाढीची कथा कशाला सांगतो आहे? माझा एक जुना सोबती तर म्हणाला, "तू टोयोटाची दलाली कधीपासून सुरू केलीस?" मी त्याला म्हटले, "बाबा रे, ज्या कंपनीचे नाव पुढे करून आमच्याकडचे मालक वर्षानुवर्षे नवनव्या योजना आमच्या गळ्यात घालतात, त्या कंपनीची हकीकत आपण नाही वाचायची तर कोणी वाचायची?"

ही कंपनी आज मोटारीच्या धंद्यात जगात पहिल्या क्रमांकावर आहे. २०२३ या एका वर्षात तिने आणि तिच्या पोटकंपन्यांनी मिळून सुमारे १ कोटी १२ लाख गाड्या विकल्या. एवढी वाढ कशाने झाली, याची उत्तरे पुष्कळ आहेत. कोणी जपानी माणसाच्या शिस्तीला श्रेय देतो, कोणी यंत्रांना, कोणी तिथल्या सरकारला. मी जे वाचले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ही कंपनी वाढली ती काम थांबवण्याच्या कलेवर. आपण समजतो की जो थांबत नाही तो वाढतो. टोयोटाने ओळखले की चूक दिसताच जो थांबतो तोच पुढे जातो. आणि थांबवण्याचा हा अधिकार तिने साध्या कामगाराच्या हातात दिला. तो तिने का दिला, कोणत्या किमतीला दिला आणि कुठे दिला नाही, एवढ्याच तीन गोष्टी मला आज सांगावयाच्या आहेत.

कथेची सुरुवात मोटारीपासून होत नाही; ती मागापासून होते. गिरणगावात मागाला साचा म्हणत. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साच्यावर होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी गिरणीच्या दारापर्यंत जाई. घरी आले की ते डोळ्यांवर ओल्या फडक्याची पट्टी ठेवून पडून राहत. त्यांचा सारा दिवस धाग्यांकडे पाहण्यात जाई. उभ्या ताण्यातला एखादा धागा तुटला आणि साचा तसाच चालत राहिला, तर कापडात रेघ पडते. ती रेघ तपासणीत सापडली की पगारातून दंड कापला जाई. यंत्र आंधळे होते, म्हणून माणसाने आपले डोळे त्याला द्यावयाचे आणि चुकले तर दंडही आपणच भरावयाचा, असा तो हिशेब होता.

साकिची टोयोडा हा जपानमधील एका खेड्यातल्या सुताराचा मुलगा. जन्म १८६७ चा. त्या मुलखात घरोघरी बायका हातमागावर विणत. त्यांचे कष्ट पाहून त्याने माग सुधारण्याचा ध्यास घेतला आणि १८९१ साली लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळवले. पुढे तीस-पस्तीस वर्षे तो मागाच्याच मागे होता. १९२४ साली त्याचा पूर्ण स्वयंचलित माग तयार झाला. त्यातील सूत संपत आले की धोटा चालत्या मागावर आपोआप बदलला जाई आणि धागा तुटला की माग आपण होऊन थांबे. मला महत्त्वाची वाटते ती ही दुसरी करामत. माझ्या वडिलांच्या डोळ्यांचे काम साकिचीने यंत्राला शिकवले होते.

मात्र या करामतीला दुसरी बाजूही आहे. माग स्वतःच थांबू लागल्यावर एका माणसाने एकाच मागापाशी उभे राहण्याची गरज उरली नाही. एकटा कामगार डझनावारी माग सांभाळू लागला. मग बाकीचे कामगार कुठे गेले? हा प्रश्न आमच्या मुंबईला नवा नाही. १९२८ साली गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. दोन साच्यांच्या जागी तीन साचे चालवा, ही मालकांची योजना त्या झगड्याच्या मुळाशी होती. तेव्हा साकिचीचा माग पाहून मला आनंदही होतो आणि पोटात गोळाही येतो. या दोन्ही भावना आपण शेवटपर्यंत जवळ ठेवू या.

१९२९ साली इंग्लंडातील ओल्डॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने त्या मागाचे हक्क विकत घेण्याचा करार केला. ठरलेली रक्कम १ लाख पौंड होती. प्लॅटची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतही धडधडत असत. ज्यांनी जगाला सूत काढावयाची यंत्रे पुरवली, त्यांनी एका सुताराच्या मुलाचे डोके विकत घ्यावे, ही लहान गोष्ट नव्हे. त्या वाटाघाटींसाठी साकिचीचा मुलगा किइचिरो परदेशी गेला होता. त्याचे लक्ष मात्र रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारींकडे होते. परत आल्यावर १९३३ साली त्याने मागाच्या कारखान्यातच मोटारीचे खाते उघडले. १९३६ साली पहिली विक्रीची मोटार निघाली. त्याच वर्षी लोकांकडून नावे मागवून टोयोडाचे टोयोटा झाले आणि ऑगस्ट १९३७ मध्ये स्वतंत्र कंपनी उभी राहिली. कोरोमो नावाच्या लहानशा गावाजवळच्या माळावर कारखाना बांधला. पूर्वी तो रेशमाच्या किड्यांचा मुलूख होता. १९५९ साली त्या गावाने आपले नावच बदलून टोयोटा शहर असे ठेवले.

येथे एक गोष्ट लपवू नये. ही वाढ मोकळ्या बाजारात झालेली नाही. १९२५ पासून फोर्ड आणि १९२७ पासून जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्या जपानात गाड्या जोडीत होत्या. १९३६ साली जपान सरकारने कायदा करून स्वदेशी मोटारींना संरक्षण दिले आणि काही वर्षांत त्या दोन्ही कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. लष्कराला चीनमधील युद्धासाठी ट्रक हवे होते आणि टोयोटाने ते पुरवले. सरकारच्या सावलीत आणि युद्धाच्या पैशावर हे रोप वाढले. मग १९४५ च्या १४ ऑगस्टला, म्हणजे जपानच्या शरणागतीची घोषणा होण्याच्या आदल्या दिवशी, कोरोमोच्या कारखान्यावर बाँब पडले आणि सुमारे चौथा हिस्सा जमीनदोस्त झाला.

आता मी ज्या वर्षासाठी ही सारी कथा सांगतो आहे त्या १९५० सालाकडे येतो.

युद्धानंतर १९४६ साली कारखान्यात कामगारांची युनियन झाली. १९४९ मध्ये अमेरिकन सल्लागार जोसेफ डॉज याच्या धोरणाने जपानात पैशाची टंचाई आली. गाड्यांचे पैसे वसूल होईनात, पगार थकू लागले. डिसेंबर १९४९ मध्ये युनियनने पगारात १० टक्के कपात पत्करली आणि त्या बदल्यात कोणालाही काढणार नाही असे लेखी वचन घेतले. किइचिरोची ते पाळावयाची इच्छा होती असे म्हणतात. पण बँका पैसे देताना अटी घालतात. विक्रीची कंपनी वेगळी काढा आणि माणसे कमी करा, अशा त्या अटी होत्या. एप्रिल १९५० मध्ये कंपनीने सांगितले की १६०० माणसांनी आपखुषीने जावे आणि उरलेल्यांनी पगारकपात घ्यावी. चार महिन्यांपूर्वीचे वचन मोडले! कारखान्यात सुमारे दोन महिने संप, बंद, सभा आणि मोर्चे चालू राहिले.

शेवट काय झाला? ५ जून १९५० रोजी किइचिरो टोयोडाने अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. माणसे जाणार असतील तर मीही जातो, हा त्याचा अर्थ होता. १० जूनला तडजोड झाली. कारखान्यातील दोन हजारांहून अधिक माणसे बाहेर पडली. साधारणपणे चारांतला एक. आणि अवघ्या पंधरा दिवसांनी, २५ जूनला, कोरियात युद्ध पेटले. अमेरिकन सैन्याने प्रथम १००० ट्रकांची मागणी नोंदवली. पुढे ती साडेचार हजारांच्या वर गेली. कारखाना रातोरात तरला. जे दोन हजार लोक बाहेर गेले होते ते आणखी चार आठवडे टिकले असते तर? मित्रहो, मी असे तर-तम करीत बसणारा माणूस नाही. पण हा हिशेब वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. किइचिरोही पुन्हा त्या खुर्चीत बसला नाही. १९५२ च्या मार्चमध्ये त्याला परत बोलावण्याचे ठरत असतानाच तो वारला.

या जखमेतून दोन्ही बाजू काही शिकल्या. कंपनी हे शिकली की माणसे काढणे सर्वांत महाग पडते. १९५० नंतर कायम कामगारांची अशी सामुदायिक कपात टोयोटाने जपानात केली नाही. युनियन हे शिकली की कंपनी बुडाली तर आपणही बुडतो. १९६२ साली दोघांनी मिळून एक संयुक्त जाहीरनामाही काढला. याला कोणी शहाणपण म्हणेल, कोणी शरणागती म्हणेल. निस्सान कंपनीत १९५३ साली याहून कडवा झगडा झाला. तेथे टाळेबंदी झाली, मालकांच्या मर्जीतली दुसरी युनियन उभी राहिली आणि लढाऊ युनियन मोडली. पुढच्या वर्षी मोटार कामगारांची देशव्यापी संघटनाही विसर्जित झाली. म्हणजे टोयोटातील शांतता सगळीच प्रेमाची नव्हती. पराभवाचाही अंश तिच्यात होता.

तैइची ओनो नावाचा इंजिनिअर याच काळात यंत्रशाळेचा प्रमुख होता. तो मूळचा टोयोडांच्या सूतगिरणीतला माणूस, १९४३ साली मोटारीकडे आला. एका अमेरिकन कामगाराइतके काम करावयास नऊ जपानी लागतात, असा एक हिशेब त्याने तरुणपणी ऐकला होता. त्याचे म्हणणे असे की अमेरिकन माणूस नऊपट ताकदीचा नसतो. तेव्हा आपण कुठेतरी आठ माणसांचे श्रम वाया घालवीत असलो पाहिजे. फोर्डला गाठण्याइतका पैसा नव्हता. १९३७ ते १९५० या तेरा वर्षांत टोयोटाने जेमतेम २७०० प्रवासी मोटारी काढल्या होत्या आणि फोर्डच्या एका कारखान्यातून दिवसाला ७००० बाहेर पडत. त्यामुळे ओनोने पैशाऐवजी वायफळ गोष्टींवर हल्ला केला. गोदामात पडून राहिलेला माल, पुढच्या खात्याला नको असताना काढलेला माल, हातपाय हलवून झालेले निरर्थक चालणे आणि नंतर दुरुस्त करावयाचे बिघडलेले काम हे त्याचे शत्रू होते.

त्याच्या दोन युक्त्या जगभर गाजल्या. पहिली कानबान. कानबान म्हणजे एक साधा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढच्या खात्याने सुटे भाग वापरले की चिठ्ठी मागे जाते आणि मागचे खाते तेवढेच भाग नव्याने काढते. किराणा दुकानाच्या फळीवरचा साबण संपला की दुकानदार तेवढाच आणून ठेवतो, तसे हे आहे. अमेरिकेतील मोठ्या दुकानांची ही पद्धत ओनोने ऐकली होती आणि पुढे १९५६ साली स्वतः पाहिली. दुसरी युक्ती म्हणजे दोरी. मोटारींची जुळणी सरकत्या पट्ट्यावर होते. फोर्डच्या काळापासून नियम असा की काही झाले तरी पट्टा थांबावयाचा नाही. चुकलेले काम शेवटी दुरुस्त करू. टोयोटात पट्ट्याच्या कडेने डोक्यावरून एक दोरी गेलेली असे. कामगाराला काही चुकले, सुटले किंवा जमले नाही असे दिसले की त्याने दोरी ओढावयाची. वरच्या फळ्यावर दिवा लागतो. जपानी भाषेत कंदिलाला आंदोन म्हणतात, तेच त्याचे नाव. गटाचा नायक धावत येतो. ठरावीक खुणेपर्यंत गाडी पोहोचेतो अडचण सुटली तर ठीक. नाही तर पट्टा थांबतो. अलीकडे काही कारखान्यांत दोरीच्या जागी बटण आले आहे, पण तत्त्व तेच.

ही दोरी म्हणजे साकिचीचा तुटलेला धागा! माग जसा धागा तुटताच थांबे, तसा कारखाना माणसाच्या एका हिसक्याने थांबतो. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा हसलो. मनात म्हटले, आम्ही ज्यासाठी नोटिसा देतो, मतदान घेतो, लाठ्या खातो, तो काम बंद पाडण्याचा हक्क यांनी ज्याच्या त्याच्या डोक्यावर टांगून ठेवला आहे. मग लक्षात आले की दोरी ओढणाऱ्याला एका गोष्टीची खात्री असावी लागते. आपली चूक आपणच दाखवली तरी पगार कापला जाणार नाही आणि काम सोपे करून दाखवले तरी आपल्याला किंवा शेजाऱ्याला घरी बसवले जाणार नाही, ही ती खात्री. ज्याच्या डोक्यावर काढून टाकण्याची तलवार आहे तो दोरीला हात लावणार नाही. माझे वडील रेघ पडलेले कापड लपवीत, तसा तोही चूक लपवील. म्हणून मी म्हणतो की टोयोटाची पद्धत १९५० च्या जखमेवर उभी आहे. नोकरीची हमी नसती तर दोरी नुसती शोभेला लोंबकळली असती.

पुढची वाढ आपणास ठाऊक आहे. १९५७ साली टोयोटाने अमेरिकेत क्राउन मोटार नेली, तेव्हा तेथील लांब-रुंद रस्त्यांवर तिची दमछाक झाली आणि १९६० मध्ये ती निर्यात थांबवावी लागली. येथेही थांबणे कामास आले. १९६६ साली कोरोला निघाली. २०२१ पर्यंत त्या नावाच्या पाच कोटींहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर साऱ्या जगाने या कंपनीकडे वळून पाहिले.

आता तिसरी गोष्ट. ही हमी कोणाला मिळाली नाही ती. कायम कामगारांच्या शेजारीच मुदतीच्या करारावर आलेले हंगामी कामगार उभे असतात. सातोशी कामाता नावाचा पत्रकार १९७२ साली असा हंगामी कामगार म्हणून टोयोटात राहिला आणि १९७३ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. पट्ट्याचा वाढता वेग, सुजलेले हात, वसतिगृहातली मुकी माणसे यांचे त्यात वर्णन आहे. २००८ च्या मंदीत कायम कामगार टिकले. हजारो हंगामींच्या मुदती मात्र पुन्हा वाढवल्या गेल्या नाहीत. गोदाम रिकामे ठेवण्याचे ओझेही सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांवर पडते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक लहानसा भाग जवळपास सगळा तेथेच होत असे. टोयोटाचे कारखाने बंद पडले. मग लहानमोठे कारखानदार, अगदी शिवणयंत्रे करणारी कंपनीसुद्धा, रात्रंदिवस तो भाग करू लागले आणि आठवड्याच्या आत पट्टे पुन्हा हलले. कंपनीची खरी ताकद तिच्या भिंतींबाहेरच्या हजारो हातांत होती, हे त्या आगीने उजेडात आणले.

सर्वांत बोचणारी हकीकत २००२ ची. त्या फेब्रुवारीत त्सुत्सुमी कारखान्यात तीस वर्षांचा एक कामगार पहाटे कामावरच कोसळला आणि मेला. शेवटच्या महिन्यात त्याचे शंभराहून अधिक तास जादा काम झाले होते. त्यातला काही वेळ सुधारणा मंडळाच्या बैठका आणि सूचना लिहिणे यांत गेला होता. हे काम 'स्वेच्छेचे' म्हणून धरले जाई. त्याची बायको कोर्टात गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला की, हेही कामच आहे आणि मृत्यू अतिश्रमाने झाला. पुढच्या वर्षापासून कंपनीने त्या बैठकांच्या वेळेचा पूर्ण मोबदला देण्यास सुरुवात केली. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या कारखान्यात सुधारणेला घामाचा भाव मिळावा म्हणून एका विधवेला पाच वर्षे झगडावे लागले.

आपण म्हणाल, हे सगळे जपानी माणसाचे. इतरांना लागू नाही. म्हणून अमेरिकेचे एक उदाहरण देतो. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी वीस टक्क्यांपर्यंत जाई, तक्रारींचे ढीग साचलेले, मालही वाईट. १९८२ साली तो बंद केला. नंतर जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना १९८४ मध्ये सुरू केला. युनियन तीच आणि घेतलेले बहुतेक कामगारही तेच, ज्यांना आळशी, दारुडे, भांडखोर म्हणत ते. चारशेहून अधिक लोकांना जपानला नेऊन दोरी ओढावयास शिकवले. युनियनशी करार झाला की, फारच मोठे संकट आल्याशिवाय कोणाला काढणार नाही आणि तशी वेळ आली तर प्रथम अधिकाऱ्यांचे पगार कापू. दोन-तीन वर्षांत गैरहजेरी नाममात्र उरली आणि गाड्या उत्तम निघू लागल्या. १९८७-८८ मध्ये मागणी घसरली तेव्हा माणसे काढली नाहीत. त्यांना शिक्षणाला बसवले. माणसे तीच होती. त्यांना मिळालेली वागणूक बदलली होती.

पण गोष्ट येथे संपत नाही. २००९ मध्ये दिवाळखोर जनरल मोटर्सने अंग काढून घेतले. टोयोटानेही एकटीने तो चालवावयाचे नाकारले आणि १ एप्रिल २०१० रोजी शेवटची गाडी बाहेर पडली. सुमारे ४७०० लोकांचे काम गेले. अमेरिकेतील टोयोटाच्या मोटार जुळणी कारखान्यांत युनियन असलेला हा एकच होता. पट्ट्याची दोरी कामगारांच्या हातात होती. फाटकाच्या किल्ल्या नव्हत्या.

आता थोडे स्वतःविषयी बोलतो. पंचवीस-एक वर्षांपूर्वी मी ज्या कारखान्यात होतो, तेथेही कायझेनचा फळा लागला. सूचनांची पेटी टांगली. माझ्या खात्यातील एका हुशार फिटरने सुचवले की लोखंडी मांडणी सात फूट अलीकडे आणली तर माल हाताशी येईल. खरोखरच काम सोपे झाले. त्याला २५१ रुपये, प्रशस्तिपत्र आणि साहेबाबरोबर फोटो मिळाला. पुढच्या महिन्यात माल वाहणाऱ्या तीन कंत्राटी पोरांना मुकादमाने सांगितले, उद्यापासून येऊ नका. त्यांतला एक त्याच फिटरच्या गावचा होता. ते प्रशस्तिपत्र त्याने घरी नेले नाही. कित्येक दिवस ते त्याच्या लॉकरमध्ये उलटे पडलेले मी पाहिले.

मी गेटसभा घेतली. गरजलो की, पेटीत चिठ्ठी टाकील तो गद्दार! टाळ्या पडल्या. पेटी रिकामी राहिली आणि आम्ही जिंकलो असे मला वाटले. आज या वयात मी कबूल करतो की माझी ती घोषणा अर्धवट होती. तीन पोरांच्या भाकरीवर उभी असलेली सुधारणा आम्ही नाकारली, ते बरोबरच केले. पण त्यापायी वीस-वीस वर्षे यंत्राशी संसार केलेल्या माणसांना मी सांगितले की, तुमचे ज्ञान लपवा. ज्याला काम येते त्याला ते लपवावयास लावणे म्हणजे गवयाला गळा दाबून धरावयास सांगणे. तो फिटर निवृत्त होईपर्यंत पुन्हा काही सुचवेनासा झाला. नुकसान मालकाचे झाले, त्याहून अधिक त्याचे झाले. मी तेव्हा असे म्हणावयास हवे होते: आधी हमी, मग चिठ्ठी. त्या तीन पोरांना आधी दुसरे काम द्या, लेखी द्या. मग आमची डोकी तुमचीच आहेत. हे मला कोणी शिकवले नव्हते. टोयोटाचा १९५० चा इतिहास तेव्हा वाचला असता तर सुचलेही असते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. टोयोटाच्याच घरातले ताजे उदाहरण पाहा. दाइहात्सु ही तिची पूर्ण मालकीची कंपनी. डिसेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या समितीने अहवाल दिला की, तेथे सुरक्षेच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे गैरप्रकार चालू होते आणि ६४ प्रकारच्या गाड्यांना त्यांचा संसर्ग झाला होता. नव्या गाड्या तयार करण्याच्या मुदती इतक्या आवळलेल्या होत्या की 'हे जमणार नाही, थांबा' असे म्हणावयास कोणी धजेना. जुळणीच्या पट्ट्यावर दोरी होती. चाचणीच्या खोलीत ती नव्हती. मग जपानातील सगळे कारखाने काही काळ थांबवावे लागले. वेळीच न थांबणाऱ्याला शेवटी पुरतेच थांबावे लागते. खुद्द अकिओ टोयोडा, किइचिरोचा नातू, २०१० साली सदोष गाड्या परत बोलावण्याच्या प्रकरणात अमेरिकन संसदेपुढे उभा राहिला, तेव्हा त्यानेही कबूल केले होते की आपण फार वेगाने वाढलो.

आणि आता ही कंपनी आपल्याही दारात येत आहे. कर्नाटकात बिडदी येथे १९९९ च्या अखेरीस तिच्या भारतीय कंपनीचे उत्पादन सुरू झाले. २०२० च्या नोव्हेंबरात तेथे संप आणि टाळेबंदीही झाली. ३१ जुलै २०२४ रोजी त्या कंपनीने महाराष्ट्र सरकारशी छत्रपती संभाजीनगर येथील नव्या कारखान्यासाठी सामंजस्य करार केला. सुमारे २० हजार कोटींची गुंतवणूक, सुमारे ८ हजार प्रत्यक्ष नोकऱ्या असे आकडे तेव्हा जाहीर झाले. मराठवाड्यातील पोरांना काम मिळणार असेल तर मी स्वागताला पुढे जाईन, हार घेऊन जाईन. पण हार घालताना हळूच दोन प्रश्न विचारीन. या आठ हजारांत कायम किती आणि मुदतीचे किती? आणि जो मुदतीचा आहे, त्याने दोरी ओढली तर पुढच्या मुदतीला त्याचे नाव यादीत राहील काय?

हे दोन प्रश्न केवळ एका कंपनीला नाहीत. ज्या ज्या कारखान्यात जपानी पद्धतीचा फळा लागला आहे, त्या प्रत्येक मालकाला आहेत. आणि युनियनच्या आम्हा लोकांनाही आहेत, कारण कंत्राटी पोरांची नावे आमच्याही वहीत बहुधा नसतात. त्या तीन पोरांपैकी एकाचेही नाव माझ्या सभासद-यादीत नव्हते. मालकाला जाब विचारणारा मी, त्यांना काय उत्तर दिले असते?

साकिचीने यंत्राला थांबावयास शिकवले, ओनोने कारखान्याला शिकवले. थांबवणाऱ्या माणसाला निर्भय करण्याचे काम मात्र अर्धेच झाले आहे आणि ते कोणतीही कंपनी आपण होऊन पुरे करील असे मला वाटत नाही. ते आपल्याला करावे लागेल. येथे तरुण मुले बसलेली दिसतात. त्यांतील काही उद्या अशाच एखाद्या पट्ट्यापाशी उभी राहतील. त्यांना एवढेच सांगतो की, काम मन लावून शिका, चूक दिसली तर दोरी ओढा, आणि शेजारच्या मुदतीच्या पोरालाही ती निर्धास्तपणे ओढता येईल एवढे बघा.